निळ्या दारांचं गाव

एजंट : चौदा नंबर काढून टाकायचं? काकू, लोक अख्खी टूर ह्या चौदा नंबरसाठी घेतात.

आत्या : घेऊ देत की. माझ्या यादीतून काढा.

भाची : अगं आत्या, बाकीच्या वीस ठिकाणांना तू मान डोलावलीस. वाळवंट चालतंय, बर्फ चालतोय, मगरींची ती दलदलसुद्धा चालतेय. आणि डोंगरावरचं एक साधं गाव नको?

आत्या : नको.

एजंट : म्हणजे काय होतं की, खंड केवढा मोठा आहे बघा. ह्या टोकाला समुद्र, त्या टोकाला बर्फ. आपण तो एकवीस ठिकाणांत बसवलाय. आता माझं बोट बघा नकाशावर. तेरावरून पंधराला जायला हा एकच घाट. गाडी रात्रीची चालत नाही, मुक्काम करते ती ह्याच गावात. हे काढलं की पुढची सातही गेली.

भाची : आणि आज ठरवलं नाही तर सगळंच गेलं. यादी आजच बंद होतेय ना?

एजंट : पाच वाजता. आता सव्वाचार झालेत.

आत्या : मग पाऊण तास आहे. तेवढ्यात मला तुमच्या धबधब्याचं विचारायचंय.

एजंट : विचारा ना. सहा नंबर. खंडातला सगळ्यात रुंद.

आत्या : त्याच्या डाव्या अंगाला खडकातून एक झाड आडवं आलेलं होतं. अजून आहे?

एजंट : झाड? थांबा हं, आमच्या माहितीपत्रकात फोटो आहे. हे झाड होय? आहे की हो. पंधरा वर्षं मी हा फोटो लोकांपुढे धरतोय, माझ्या कधी लक्षात आलं नाही. तुम्ही जाऊन आलायत वाटतं.

आत्या : नाही.

भाची : ती कुठंच गेलेली नाही. आयुष्यात दोनदा गावाबाहेर पडलीय, तेही लग्नांना.

आत्या : तीनदा. तुझ्या बाबाचं लग्न धरून.

एजंट : मग झाड कसं ठाऊक?

आत्या : आठ नंबरचा किल्ला आहे ना, त्याच्या मागच्या बुरुजाला एक खिंडार आहे. त्यातून आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो. फार जीव खायचा तो. सगळ्यात बारीक ब्रश घेतला तरी रंग दगडावर सांडायचा.

भाची : ब्रश? कसला ब्रश? तू तर प्रेसमध्ये पाकिटं चिकटवायचीस ना?

आत्या : हे कुणी सांगितलं तुला?

भाची : बाबांनी.

आत्या : त्याला काय माहीत. तो तेव्हा पुस्तकात डोकं खुपसून बसलेला असायचा. पोस्टकार्डं रंगवायचो आम्ही. फोटो यायचे काळे-पांढरे, ठिकठिकाणचे, ह्या अख्ख्या खंडातले. आम्ही सहा जणी हातानं रंग भरायचो, मग ती प्रत छापायला जायची. तुमच्या एकवीसपैकी सतरा ठिकाणं माझ्या हाताखालून गेलीत.

एजंट : काय सांगता. म्हणजे तुम्ही सगळं बघितलेलंच आहे.

आत्या : बघितलंय खरं. पण धबधब्याचा आवाज किती लांबून ऐकू येतो, ते नाही ठाऊक. वाळवंटात सकाळी पाय पोळतात की दुपारीच? आणि त्या मिठाच्या मैदानाला वास येतो का हो?

एजंट : वास... खरं सांगू का काकू? मीही कुठं गेलेलो नाही. सुट्ट्यांचा हंगाम आला की आम्हाला खुर्ची सोडता येत नाही, आणि हंगाम सरला की जाऊन काय उपयोग.

भाची : वा. म्हणजे न पाहिलेल्यानं न पाहिलेलीला सगळं दाखवायचं.

एजंट : मॅडम, मी ऐकून मात्र पुष्कळ आहे. आवाज तीन मैलांवरून येतो म्हणतात. मिठाचं विचारून ठेवतो. पण रंग कुठला भरायचा हे तुम्हाला कसं कळायचं? फोटो तर काळा-पांढरा.

आत्या : चिठ्ठी असायची. फोटोवाला प्रत्येक फोटोला एक चिठ्ठी टाचून द्यायचा. पाणी हिरवट, वाळू तांबूस, बाईच्या अंगावर पिवळं, असं. चिठ्ठीत असेल तो रंग द्यायचा, आपलं डोकं चालवायचं नाही, असा मालकाचा नियम होता. आणि एकीनं सगळं रंगवायचं नाही. माझ्याकडे आभाळ आणि पाणी. माझं झालं की फोटो शेजारच्या टेबलावर. तिच्याकडे घरं, भिंती, दारं. पुढची झाडं करायची, त्यापुढची कपडे.

भाची : एखादी बाई नुसतं आभाळ रंगवते महिनाभर?

आत्या : महिनाभर कुठली, बावीस वर्षं. मला सगळ्या जणी आभाळवाली म्हणायच्या. आणि शेजारचीला घरवाली. लग्न झालेलं नव्हतं तिचं, त्यामुळे हसायला जास्तच यायचं. ती मात्र चिडायची नाही. डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायची.

एजंट : मग हे चौदा नंबरसुद्धा तुमच्याच हातचं?

आत्या : त्याचं आभाळ माझं.

एजंट : अहो मग तर जायलाच हवं. ऐका, काय लिहिलंय आम्ही. ‘डोंगराच्या उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं हे गाव, आणि त्याची शेकडो वर्षांची निळी दारं...’

आत्या : चाळीस.

एजंट : काय चाळीस?

आत्या : शेकडो नाही, चाळीस वर्षांची. त्याआधी ती निळी नव्हती.

एजंट : असं कसं? तिथं तर नियम आहे, दार निळंच पाहिजे. दर दोन वर्षांनी गावाची समिती रंगाचे डबे वाटते.

भाची : आत्या, कुठल्या रंगाची होती मग?

आत्या : तपकिरी. उन्हानं उडालेला तपकिरी. चिठ्ठीत तसंच होतं, शब्द न् शब्द आठवतो मला.

भाची : मग निळी कुणी केली?

आत्या : मी. आणि सांगते आता, नाहीतर तू पाच वाजेपर्यंत माझा पिच्छा सोडणार नाहीस. त्या दिवशी माझ्या टेबलावर दोन गावांचे फोटो होते. एक समुद्राकाठचं, एक हे. रंगवताना चिठ्ठी काढून बाजूला ठेवावी लागायची. आभाळं झाली, मी चिठ्ठ्या परत टाचल्या, त्या उलट्या टाचल्या. समुद्राकाठच्या गावाची दारं निळी होती.

एजंट : आणि तुमचं आभाळ दोन्हीकडे सारखंच.

आत्या : बरोबर ओळखलंत. माझ्या कामात कुठं काही चुकलेलं दिसायचं नाही. फोटो गेला तिच्याकडे. तिनं तो हातात घेतला आणि म्हणाली, अगं, हे तर आमचं गाव. तिचं जन्मगाव होतं ते, दुसरं काय. म्हणाली, आमच्याकडे असली दारं नाहीत, ही चिठ्ठी दुसऱ्या कशाची तरी आहे.

भाची : मग?

आत्या : मी म्हटलं, फोटोवाल्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, चिठ्ठीप्रमाणे कर आणि मोकळी हो. हातात काम पुष्कळ होतं. वळूनही पाहिलं नाही मी. तिनं केलं.

एजंट : बाप रे. म्हणजे तिच्याच हातून तिचं गाव...

आत्या : कार्डं छापून झाली आणि फोटोवाला आला तणतणत. आतल्या खोलीत त्याचा आणि मालकाचा आवाज चढला, ते आम्हाला ऐकू येत होतं. मालक म्हणाला, मूळ प्रती आणि चिठ्ठ्या आणा. प्रती माझ्या मागच्या कपाटात असायच्या. मी कपाट उघडलं आणि चिठ्ठ्या परत बदलल्या.

भाची : बदलल्या म्हणजे जागच्या जागी लावल्यास.

आत्या : हो. आता डोंगरावरच्या गावाला तपकिरीची चिठ्ठी आणि दारं मात्र निळी, समुद्राकाठच्याचं नेमकं उलट. मालकाला काय दिसणार? की हिनं चिठ्ठी वाचलीच नाही, मनानं रंग भरला. त्याच संध्याकाळी काढलं तिला. मी आपली आभाळ रंगवत बसले होते.

भाची : आणि त्या काहीच बोलल्या नाहीत?

आत्या : एक शब्द नाही. डबा पिशवीत टाकला आणि गेली. छापलेली कार्डं मालकानं काही फेकली नाहीत. ती खपली, म्हणता म्हणता पुन्हा छापावी लागली. मग लोक कार्ड हातात घेऊन त्या गावात जायला लागले आणि विचारायला लागले, निळी दारं कुठायत. मग गावानंच दारं निळी करून घेतली. पुढचं तुमच्या माहितीपत्रकात आहे.

भाची : आत्या, बाबांची तेव्हा कॉलेजची फी होती ना? तू एकटी कमावती. तुला काढलं असतं तर बाबांचं...

आत्या : बाबाला ह्यात आणू नकोस. फी होती हे खरं आहे. पण कपाट उघडलं तेव्हा मला कुणाची फी आठवली नव्हती. मी घाबरले होते, एवढंच. फी मला नंतर आठवली, रात्री झोप लागेना तेव्हा, स्वतःला सांगायला.

भाची : इतकी वर्षं कुणालाच बोलली नाहीस?

आत्या : कुणाला बोलणार? ज्या एकीला बोलायचं होतं ती परत तिच्या गावी निघून गेली. म्हणून म्हणते, चौदा नको. गाडीतून उतरायचं आणि गावभर माझं पाप रंगवलेलं बघत फिरायचं, ते मला जमणार नाही. तू जा. माझ्याऐवजी एखादी मैत्रीण घे.

भाची : मला मैत्रीण नकोय. मी रजा तुझ्यासाठी टाकलीय.

एजंट : काकू, एक सांगू? तोंडावर आलंय म्हणून सांगतो. आमच्याकडे त्या गावाच्या तक्रारी येतात.

आत्या : कसल्या?

एजंट : एका घराच्या. वरच्या आळीत पायऱ्या संपतात तिथं एक घर आहे. त्याचं दार तपकिरी आहे. लोक म्हणतात, आमचा फोटो बिघडतो, त्यांना रंगवायला सांगा. समितीनं दोनदा नोटीस दिली, डबा दारात नेऊन ठेवला. म्हातारीनं डबा तसाच परत पाठवला. आम्ही हसायचो ऑफिसात. म्हटलं, असते एकेकाला खोड.

आत्या : कोण म्हातारी?

एजंट : एकटीच असते. दोन खोल्या भाड्यानं देते प्रवाशांना. कुणी रंगाचं विचारलं की म्हणते, मी एकदा ऐकलं, पुन्हा नाही ऐकणार.

भाची : आत्या, पाणी देऊ?

आत्या : नको. अजून आहे म्हणायची. मी मनात धरून चालले होते की नसेल.

एजंट : गेल्या महिन्यातलीच तक्रार आहे, काकू. फाईलमध्ये आहे.

आत्या : तिच्या घरी फोन आहे?

एजंट : आहे. पण आम्ही प्रवासी तिथं उतरवत नाही, फोटोचं असं असल्यामुळे...

आत्या : लावा.

भाची : आत्ता? आत्या, जरा विचार कर. काय बोलणार आहेस?

आत्या : चाळीस वर्षं विचारच केला मी. लावा हो तुम्ही.

एजंट : लागला. हॅलो, नमस्कार आजी, प्रवास कंपनीतून बोलतोय. नाही नाही, दाराचं काही नाही. खोली हवी होती, दोघींसाठी. हो. काकू, त्या विचारतायत, कुणाच्या नावानं लिहून ठेवू?

आत्या : आणा तो इकडे.

(एजंट फोन देतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

आत्या : हॅलो. मी आभाळवाली बोलतेय.

भाची : काय म्हणाल्या?

आत्या : थांब गं. हो, तीच. बरी आहे. अगं, आधी मला बोलू दे, नाहीतर राहून जाईल. चिठ्ठ्या माझ्या हातून बदलल्या होत्या. आणि मालकानं मागितल्या तेव्हा मीच कपाटातून त्या परत... हो. हो, मीच. तू गेलीस आणि मी मान वर केली नाही. ते चुकलं माझं. फार चुकलं. नाही, ऐकतेय. बोल ना. ऐकतेय मी.

एजंट : मॅडम, मी बाहेर जाऊ का?

भाची : बसा. तुम्हीच तर लावून दिलाय.

आत्या : हं. हं. असं होय. मग तेव्हा बोलली का नाहीस? बरं. बरं, येते.

भाची : रागावल्यात?

आत्या : रागावलीय. चांगलीच. म्हणते, मालकानं चिठ्ठी तोंडापुढे नाचवली तेव्हा तिला टाचणीचं ताजं भोक दिसलं होतं, आणि कपाट तर माझ्याच मागे. तिथंच सगळं कळलं होतं.

भाची : आणि तरी गप्प राहिल्या? का?

आत्या : विचारलं मी. म्हणते, ते फोनवर नाही सांगणार, समोर येऊन बस. आणि एका रात्रीत मावणार नाही म्हणते.

एजंट : काकू, आमची गाडी तिथं एकच रात्र थांबते. सकाळी सहाला पुढं निघते.

आत्या : मग निघू दे.

भाची : अगं पण पुढची सात ठिकाणं? बर्फ? तुला बर्फ बघायचा होता ना?

आत्या : बर्फ तू बघ, आणि मला सांग. गाडी परत कुठून येते हो?

एजंट : त्याच घाटातून. आठव्या दिवशी.

आत्या : चालेल. आठ दिवस लागतीलच.