वनमालाबाईच्या दुकानाची पाटी

...आता तुमीच सांगा, धंदा करणाऱ्या बाईला आपल्याच दुकानाचं नाव सांगता येईना, तर तिनं करावं काय? तुम्हाला सांगतो, भूमच्या बाजारात वनमालाबाईसारखा खवा कुणाचा न्हाय. बोट बुडवलं तर बोट माघारी यायला तयार होत न्हाय, असला खवा! येडशीच्या एका पाहुण्याचं तर अजून तिथंच... बरं, ऱ्हाऊ द्या त्याचं. बावीस वर्षं ही बाई पहाटं भट्टी पेटवती, गवळ्यांशी भांडून दूध पारखून घेती, उलथणं फिरवती, गिऱ्हाईक बघती, अन् पाटीवर काय? 'लिंबाजी खवा भांडार'. लिंबाजी म्हंजे तिचा नवरा. त्याचा धंद्यातला वाटा इतकाच, की सकाळी येऊन फडक्यानं पाटी पुसायची अन् तिच्याखाली खुर्ची टाकून बसायचं.

तेबी चाललं असतं हो. पण लग्नातच सासूनं बजावलेलं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. हिनं ते इतकं पाळलं, इतकं पाळलं, की बाजारात लिंबू मागताना 'ते पिवळं आंबट द्या' म्हणती अन् दारातल्या कडुलिंबाला 'कडू झाड'. लिंबाजीच्या डोक्यात पन्नाशीतबी एक पांढरा केस न्हाय, कुठून येणार? बावीस वर्षांत आयुष्य खर्चच झालं न्हाय त्याचं! सगळा गाडा वढायचा, नाव तेवढं घ्यायचं न्हाय.

मग फोन यायचा. सोलापूरचा व्यापारी राजशेखर इचारायचा, वैनी, दुकानाचं नाव काय लिहू? ही म्हणायची, आमच्या ह्यांच्या नावाचं हाय. ह्यांचं नाव काय? तर म्हणती, पाटीवर लिवलंय की. आता सोलापुरातून भूमची पाटी दिसंल का माणसाला?

गेल्या लग्नसराईत कहरच झाला. राजशेखरनं चाळीस किलो खवा सांगितला अन् टेंपो धाडला. ड्रायव्हर नवा, अन् त्याच्या चिठ्ठीवर पत्ता, 'आमच्या ह्यांचं दुकान, भूम'. त्यो बिचारा बाजारात बायामाणसांला इचारीत फिरतोय, आमच्या ह्यांचं दुकान कुठं हाय? पहिलीनं आपल्या नवऱ्याचं दुकान दावलं. दुसरीनं आपल्या नवऱ्याचं. तिसरीनं तिच्या... खोटं वाटंल तुम्हाला, पण सांजंला टेंपो सोलापूरला पोचला तवा त्यात दोन पोती पेंड, सायकलीचं टायर अन् एक गाभण शेळी होती. खवा इकडं उन्हाळ्यात आंबून गेला.

त्या दिवशी वनमालाबाई आंबलेल्या खव्यापाशी बसली. का कुणास ठाऊक, तिला शाळंतली हजेरी आठवली. गुरुजी 'वनमाला' म्हणायचे, ही उभी राहून 'हजर' म्हणायची. त्याच्यानंतर? सासूची सूनबाई, लेकरांची आई, व्यापाऱ्यांची वैनी, अन् नवऱ्याची नुसती 'आगं ए'. बावीस वर्षं कुणी हाकच मारली न्हाय नावानं. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं, हेच बाई इसरून गेलेली.

दुसऱ्या दिवशी तिनं गोरोबा पेंटरला बोलावलं. लिंबाजी लई कासावीस. लोक काय म्हणतील, माझं नाव मोठं राहू दे, तुझं खाली बारीक घाल... वनमालाबाईनं उलथणं खाली ठेवलं.

"अवं, तुमचं नाव मला घेता येत न्हाय. माझं मला येतंय. मग धंदा कुणाच्या नावावर चालंल?"

लिंबाजीनं शिडी धरली. 'वनमाला खवा भांडार', वीतभर उंच अक्षर, हळदीवाणी पिवळं. चांदणीचा तलाव भरल्यावर जमली नसंल एवढी माणसं जमली होती बघायला!

अन् तिसऱ्याच दिवशी फोन आला. बाईचे हात कढईत, म्हणून उचलला लिंबाजीनं. राजशेखर इचारतोय, पाटी बदलली म्हणं, दुकानाचं नवं नाव काय? लिंबाजी खोकला. म्हणाला, आमच्या घरच्यांच्या नावाचं हाय. ते व्हय, पण नाव? लिंबाजीचे कान लाल. बावीस वर्षांत बायकूचं नाव त्यानं तरी कुठं घेतलं होतं? सगळा दिवस खुर्चीत बसायचं, नाव तेवढं घ्यायचं न्हाय!

कढईपाशी उलथणं थांबलं. खवा भट्टीवर असताना बावीस वर्षांत पहिल्यांदा थांबलं.

लिंबाजी उठला, रस्त्यावर गेला, मान वर केली अन् एसटीची पाटी वाचावी तसं एकेक अक्षर वाचलं, "व... न... मा... ला." मग जरा दम घेऊन, सगळं मिळून, "वनमाला."

आतून अगदी हळू आवाज आला, "हजर."

खवा करपला तो करपलाच. पर बाई धंद्यात मुरलेली, 'खरपूस खवा' म्हणून तेवढाबी इकून टाकला. अन् गिऱ्हाईक असं, की सोलापूर, बार्शी, पार अणदूरपातुर माणसं इचारायला लागली, वैनी, तसला खवा पुन्हा कधी?

वनमालाबाई उलथणं फिरवीत दारातल्या खुर्चीकडं बघती अन् म्हणती, आता न्हाय व्हायचा तसला. ह्यांनी पाटीचा फोटो काढलाय. कुणी नाव इचारलं, की मोबाईलवर त्योच धाडत्यात.