टॅपेट कव्हरचा रंग

नाही नाही, चावी नका फिरवू, आधी बोनेटखालचं बघून घ्या. असे उजेडात या. हे काळं झाकण दिसतंय ना, इंजिनाच्या डोक्यावरचं – टॅपेट कव्हर म्हणतात त्याला – ते मी रंगवलंय. मी म्हणजे मीच, घरी, मागच्या ओट्यावर. हसताय? हसा. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पान्याला कधी हात लावला नव्हता. पण जुन्या रंगाचे पोपडे सुटले होते, त्यावर तेलाचं किटण, आणि तुमच्याआधी दोघं गाडी घ्यायला आले ते बोनेट उघडताच तोंड वाकडं करून गेले. इंजिन ठणठणीत आहे हो. पण माणूस आधी वरचंच बघणार. आणि जरा हळू बोला – आमचे हे आत झोपलेत. झोपले असावेत.

शिकवलं कुणी? यांनीच. इथे स्टुलावर बसून. बोल्ट काढलेस की अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेव, एका खळग्यात एक, म्हणजे परत जागच्या जागी जातील. आधी साबण, मग थिनर, मग तारेचा ब्रश. रंग एकदम थापायचा नाही, स्प्रेचा डबा खडखडवून पातळ तीन हात, मध्ये वाळू द्यायचं. मग ओव्हनमध्ये भाजायचं – हो, माझ्या केकच्या ओव्हनमध्ये, दुसरा कुठला असणार – घरभर असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली, काय करपलं म्हणून. तर हे मोठ्या ऐटीत म्हणाले, बायको करपली. तेवढी थट्टा अजून सुचते त्यांना. दिसत मात्र नाही. नाही, पूर्ण नाही गेलं – कडेचं दिसतं, मधलं गेलं. माणसाचा कान दिसतो, तोंड नाही.

म्हणून तर – हे बघा, ते उठून बाहेर आलेच आणि त्यांनी विचारलं, तर तुम्ही विम्याचे. गाडी तपासायला आलात. काय करणार, सांगितलेलं नाही मी. सांगणार आहे. सौदा ठरला की सांगणार आहे. आणि झाकणावरची ही उठावाची अक्षरं बघा, कशी चांदीसारखी चमकताहेत – रंग वाळल्यावर पॉलिश पेपरने वरवरचा रंग काढायचा, आतला धातू उघडा करायचा. ते काम त्यांनी केलं. तीन संध्याकाळी बसले, बोटांनी चाचपत, एकेक अक्षर. म्हणाले, लालावर काय उठून दिसतील ही.

हो, लाल म्हणाले. काळं आहे, दिसतंय मला. त्यांना पहिल्यापासून लाल हवं होतं. ही गाडी घरी आणली त्या दिवसापासून – एकदा हे कव्हर लाल करणार, एकदा लाल करणार – कधी सुट्टी नाही, कधी मुलीचं आजारपण, राहूनच गेलं. मी दुकानात गेले, दुकानदार म्हणाला, विकायची असेल तर मूळचा काळाच मारा, लाल बघितलं की लोकांना वाटतं कुणीतरी गाडी पिटाळलीय. मी काळा घेतला. घरी येऊन लाल म्हणून सांगितलं. त्यांना काळा-लाल कळतो कुठे आता. अहो, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. एवढीच एक गोष्ट खोटी बोलले मी. म्हणजे दोन.

का विकतेय? ते फाटक बघा. तो खालचा बार वाकलाय ना? गेल्या महिन्यात. रोज सकाळी हे गाडीत जाऊन बसतात, इंजिन सुरू करतात, म्हणतात बॅटरी उतरायला नको. मी म्हटलं बसू देत, तेवढाच विरंगुळा. त्या दिवशी गिअर टाकला. मी फाटकाशी कचरा ठेवत होते. माझ्यापासून इतक्या – हातभर अंतरावर थांबली. त्यांना वाटलं, नुसतं फाटकच लागलं. मी तिथे होते ते मी त्यांना सांगितलेलंच नाही. कसं सांगू? जेवायचे नाहीत ते. तर मग तीन झाल्या खोट्या गोष्टी, मोजत बसा.

थांबा. काठी वाजली. अहो, उठलात का – हे विम्याचे, गाडी बघायला –

काय? गाडी घ्यायला आलेला तिसरा माणूस ना हा? कोण म्हणालं तिसरा?

काय म्हणता? लालाखाली आधी प्रायमरचा वेगळा डबा लागतो... आणि एकच डबा खडखडला. म्हणजे तुम्हाला तेव्हाच... मग अक्षरं का घासत बसलात तीन संध्याकाळी? काय? नीट सांगा, मला ऐकू... चांगल्या घरी जावी म्हणून.

आणि फाटकाचं – नाही, ते काही नाही, कुणी सांगितलं तुम्हाला? ओरडले होते मी? मला नाही आठवत ओरडल्याचं.

तिकडे कुठे निघालात? दार इकडे आहे. अहो, स्टिअरिंगचं दार इकडे – बरं. बरं, बसा. तिथेच, बाजूच्या सीटवर बसा. पट्टा डाव्या हाताला आहे, हं, तोच.

ते म्हणताहेत, रंग काय बघत बसलात, इंजिन ऐका. चावी अर्धी फिरवून क्षणभर थांबायचं, इंधनाचा पंप भरू द्यायचा, मग सुरू करायची. लांब फिरवून आणा त्यांना, पुलापर्यंत नेऊन. मी नाही येत. माझ्याकडे काय बघताय – फिरवा की चावी आता.