विहीर गेली ऊसतोडीला

हसू नका रे, पण माणसं उडतात, घरं बोलतात अशी एक कादंबरी वाचून मलाही चेव आला. गोष्ट लिहिली. ऊसतोडीला निघालेल्या टोळीमागं आमच्या तिसगावची विहीर चालत निघते आणि थेट कारखान्यावर पोचते.

चुलतीला वाचून दाखवली. तिची हयात ऊस तोडण्यात गेलेली. वाटलं, हसेल. ती चिडलीच.

"विहीर आली, लई बरं झालं. पन मागं गावात म्हातारी मानसं ऱ्हात्यात, त्यांनी काय प्यावं? माझी सासू घरीच असायची."

मुकाट्यानं गोष्ट बदलली. आता विहीर दिवसभर उसाच्या फडात आणि दिवस मावळला की गावात. पुन्हा वाचून दाखवली.

चुलती म्हणाली, "आता जमलं. पन लेका, ती घटकाभर बसती कवा?"