डबा संपला का?

मी कोळवणची. लग्न केलं न्हाई. वडील ओरडले, मग भाऊ ओरडला, मग दोघंबी थकले. पिरंगुटला गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवायची कंपनी हाय, तितं पॅकिंगला लागले, आता लाइन माझ्याकडं हाय. खोली जांब्याला, कंपनीची बस नेती-आणती. त्या खोलीत नंदा आन मी. नंदा लातूरकडची, घरी शिलाई मशीन चालवायची. माझी ती कोण, ते ठाऊक हाय म्हणूनच तुमी लिहून घ्यायला आलाय, तवा लपवत न्हाई. नवराबायको राहतात तशा राहायचो आमी.

नंदाची शेंगाचटणी. खलबत्त्यात कुटायची, तेल सुटेपर्यंत. डबा चौघींपुरता भरायची, कारण कंपनीत आमी चौघी एकत्र बसायचो, डबे मधी ठेवायचे, जिचा हात जाईल तितं जाईल. त्यातल्या विमलचा हात तर मी झाकण काढायच्या आधीच पुढं. कंपनीत मी नंदाला बहीण सांगितलेलं, म्हणून विमल म्हणायची, तुझ्या बहिणीच्या हाताला लई चव हाय गं. संध्याकाळी नंदा पहिलं हेच इचारणार, डबा संपला का?

मग आमच्याच चाळीतली एक बाई पॅकिंगला लागली. तिनं काय सांगितलं ते मला कुणी बोललं न्हाई, जेवताना कळलं. माझ्या डब्यात कुणाचा हात आला न्हाई. मी विमलच्या भाजीकडं हात नेला तर तिनं डबा बोटभर मागं ओढला. बोटभरच. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मागनं कुणीतरी म्हणलं, दोघींतला नवरा कोण गं? मी म्हणलं, जी सिलिंडर उचलती ती, जेव आता.

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. म्हणले, काही दिवस वेगळ्या टेबलावर बसा, बायकांना अवघडल्यासारखं होतंय. म्हणलं, माझ्या कामात खोट हाय का? न्हाई म्हणले. म्हणलं, मग मी हाय तितंच बसणार. बसले. रोज डबा मधी ठेवला, रोज भरलेला उचलला.

आन नंदाला काय सांगायचं? संपला म्हणून सांगायचे. बस सोडती त्या कोपऱ्यावर कुत्र्यांना घालायचे. ती खूश, आणखी कुटायची. एकदा ती मला न्यायला बसपर्यंत आली, तर सगळी कुत्री माझ्या पिशवीला नाक लावून नाचायला लागली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला, तर एकटीपुरतं.

ते एकटीपुरतं अजून डोळ्यापुढनं हलत न्हाई. त्यावर आमी कधी बोललो न्हाई, आन पावसाळ्यात ती डेंग्यूनं गेली.

रजा मागितली. साहेब म्हणले, नातं काय? म्हणलं, माझी बसायची जागा बदलायला निघालात तवा नातं ठाऊक होतं की, आता मला कशाला इचारता? बायको गेल्यावर बाप्याला देता तेवढी रजा द्या. साहेबांनी सही केली.

परत गेले ती चौघींचा डबा घेऊन. मधी ठेवला. म्हणलं, ती बहीण नव्हती, माझ्या घरची होती, गेली. ही तिच्या हातची शेवटची चटणी, जिला खायची तिनं खा. मग विमलनं बोट लावलं, चाटलं, आन रडायला लागली. म्हणलं, रडू नको, खा. बाकी दोघी अजून खात न्हाईत.

आता मीच कुटते, तशी होत न्हाई. चौघींपुरतीच नेते. उरलेलं कुत्र्यांना घालत न्हाई, घरी आणते. झाकण काढलं की मागनं आवाज येतो, संपला का? काय सांगू तुमाला, मी भुताखेताला मानणारी बाई न्हाई, पण वळून बघते. आन आता खरंच सांगते, न्हाई गं, विमलनंच खाल्ली.

आज तिला तुमचंबी नाव सांगीन. ते लिहायचं ठेवा बाजूला. घ्या, हात घाला डब्यात.