पहिला चमचा

सोलापुरातल्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर माढ्याच्या दुर्गाबाई पेजेची वाटी घेऊन बसल्या होत्या. लकवा मारलेले त्यांचे मालक चाकाच्या खुर्चीत होते. शेजारी आईला तपासणीला घेऊन आलेली कमरुन्निसा बसली होती.

“ताई, पेज गार होतेय.”

“भ्या वाटतंय, भाभी. झटका आला तवा मीच पानी पाजलं. ते छातीत गेलं, न्यूमोनिया झाला. तवापास्नं नाकात नळी हुती. आज काढली.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“तपासून, घट्ट पेज तोंडानं द्या म्हनले. गिळायला शिकवनाऱ्या मॅडमनी दावलं बी. पर हात उचलंना.”

“अम्मीला लकवा झाला तेव्हा माझा पण हात उचलत नव्हता. आता ती स्वतःच्या हातानं खिचडी खाते. त्यांना ताठ बसवा, हनुवटी खाली घेऊ दे. अर्धाच चमचा द्या.”

“अवो, मान खाली घ्या. बोलू नगा, आदी गिळा.”

“गळा हलला बघा.”

“खोकला न्हाय आला, भाभी.”

“रडू नका, ताई. आता त्यांना बोलायला लावा. आवाज घरघरला तर पेज श्वासनळीत गेली समजायचं.”

“अवो, कायतरी बोला की.”

“मीठ... इसरलीस.”