मामाची मांडी

—तुहा भाऊ असन तुह्या घरचा शहाणा, माह्या पोराच्या डोक्यावर त्याचा काय हक्क? बोल ना! बोल— ठेवला. फोन ठेवला तिनं, भैयाजी. रीतानं. बायको होती तवाबी असंच, सुटली तवाबी असंच — आपलं सांगून घेते, अन् माह्यं ऐकाची पाळी आली का ठेवून देते. तिचा भाऊ धीरज पोराले मांडीवर घेऊन नाई बसला तं केसाले हात लावाचा नाई म्हणते. अन् तुमी वस्तरा काऊन गुंडाळून राह्यले? ठेवा बाहेर. तिच्या बोलण्यावर तुमचा धंदा चालते का? पवनारच्या या नदीच्या पायरीवर आमच्या घरच्या साऱ्या पोरायचे जावळं निघाले, माह्यं तं तुमच्याच बापानं काढलं. हाव का नाई? मंग!

हाव बापा, मालूम हाय मले, जावळाले मामाची मांडी लागते. सकाळपासून तेच धरून बसले तुमी. मामा कुठी हाय म्हणता? तो काय, मांगं पाहा — चहाच्या टपरीवर, निळा शर्ट, इकडंच डोळे लावून बसला. तोच धीरज. कोर्टानंच बसवला त्याले तिथी. महिन्यातून दोन रविवार अंकुश माह्याजवळ, पण मामाच्या नजरेसमोर — असं लिहून देल्लं साहेबानं. मी माह्या पोराले कुल्फी घेऊन देल्ली तरी तो पाह्यते. मुतवाले नेलं तरी मागून येते. दावं बांधलं हाय, भैयाजी, दावं — अन् पोराच्या गळ्यात नाई, माह्या.

काऊन म्हणजे? कोर्टाच्या आवारात देल्ली होती एक धीरजच्या कानाखाली. एकच. बरं, दोन. त्यानं पोरगं माह्या हातातून ओढलं अन् गाडीवर बसवलं — हात उठणार नाई का माणसाचा? तुमचा नसता उठला, तुमी गरीब गाय. माहा उठला. तवापासून तो पोराले आणते, पायरीवर उभा करते अन् तिकडं जाऊन बसते. नमस्कार नाई, चमत्कार नाई. वकील म्हणे, त्याच्याजवळ गेला, जोरानं बोलला, तं हे रविवारबी गेले समजजो.

पुढच्या खेपेले काढू म्हणता? पुढच्या खेपेले त्याले चौथं लागते! दोन-चार अशा जोड वर्षात जावळ काढत नाई हे तुमीच सांगतलं का नाई आताच? मंग पाचव्यात. अन् पाचव्यापर्यंत तो इथी असन का? धीरजले पुण्याले काम लागून राह्यलं. तो गेला का ती जाईन, ती गेली का पोरगं जाईन. मंग कोणता रविवार अन् कोणतं कोर्ट? शाळा तिकडं पाहून ठेवली, दवाखाना तिकडं, पहिला शब्द बोलला तो 'मामा'. एक जावळ राह्यलं जे बापाच्या घरचं हाय. तेवढं तं होऊ द्या ना राजेहो.

म्हणूनच म्हणलं, मामा-गिमा गेला खड्ड्यात, मीच घेतो मांडीवर. पाह्यलं ना तुमी? रडला का? नाई रडला. रडला असता तं बरं होतं. लाकूड झाला — हात असे, पाय असे, श्वासबी घेऊन नव्हता राह्यला. गर्दीच्या बसमधी लेकरू कोणाच्याबी मांडीवर बसवून देते ना, तसा. मले वाटलं थंडी वाजते. थंडी! एवढ्या उन्हात? म्हणलं, बाबाची मांडी हाय ना बापू, बस ना नीट — तं हळूच म्हणते, 'मारू नका.' तुमी ऐकलं का? वस्तऱ्याले म्हणे तो. तुमी धार लावून राह्यलते ना, तुमाले म्हणे. लेकरं भेतेच वस्तऱ्याले. हाव ना? …हाव म्हणा ना!

मी बोट नाई लावलं त्याले कधी. गिरडच्या दर्ग्यावर जाऊन सांगीन. आवाज मोठा हाय माहा, बस. आवाजानं काय लागते माणसाले? तिलेबी आवाजच तं — जाऊ द्या, तिचं नका काढू. तुमी नाई काढलं, हाव, मीच काढून राह्यलो.

मांडी ढिली केली तसा सुटला, थेट टपरीवर. पाहा आता. पाय हालवून राह्यला, पाहा, बिस्कुट मामाच्याच कपात बुडवून राह्यला. तिथी लाकूड नाई होत तो. तुमाले मामाची मांडी पाह्यजे, त्याच्या मायले तेच पाह्यजे, पोरालेबी तेच. अन् मी गेलो बोलवाले तं आवाज चढणार, मालूम हाय मले. चढतेच.

तुमी जा. तुमाले नाई म्हणणार नाई तो. माफी मागून राह्यला असं नका सांगजा, मी नाई मागत. फक्त म्हणा, पोराले घेऊन ये अन् मांडी घालून बस. मी पाठ फिरवून उभा राह्यतो, नदीकडं तोंड करून, एक शब्द नाई बोलत. झालं का आवाज द्या. खाली पडलेले केस तेवढे मी उचलीन, त्याले हात लावू देऊ नका.

माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यले? उठा. बोलवून आणा त्याले.