भिंतीलगतची वांगी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीचा नवरा नुकताच कण्हत आत डॉक्टरांकडे गेला होता.

"काय झालं हो त्यांना?"

"कंबर धरलीय. सगळं त्या वांग्यांपायी."

"वांग्यांपायी?"

"आम्ही थंड मुलखातली माणसं. तिकडे ऊन म्हणजे पाहुणा. रोपं भिंतीलगत लावायची, म्हणजे भिंत तापते आणि त्यांना ऊब मिळते. इथे आल्यावरही तेच केलं."

"अगं बाई! इथे दुपारी भिंतीला मांजरसुद्धा टेकत नाही!"

"आता कळलं ना. आधी वांगी करपली, मग टोमॅटो."

"वरून जुनी चादर बांधायची."

"बांधली. ती उडून शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली. हे म्हणाले, कशाला एवढा खटाटोप? वर्षभरात परतच जायचंय."

"खरंच जाणार?"

"आल्यापासून तेच पालुपद. सामानाची खोकीसुद्धा उघडू देत नाहीत."

"मग कंबर कशाने धरली?"

"काल सकाळी उठून बघते, तर हे भिंतीपाशी खड्डा खणतायत. एकटेच."

"खड्डा कशाला?"

"झाड लावायला. म्हणाले, तुझ्या वांग्यांना सावली नको का?"

"कसलं झाड?"

"कडुनिंबाचं. एवढंसं, वीतभर."

"अहो, पण त्याची सावली पडायला पाच-सहा वर्षं तरी जातील!"

"हळू बोला. दार उघडतंय. त्यांच्यासमोर तेवढं काढू नका."